चांदी : राजधातू की गंधकस्नेही? धातूंच्या वर्गीकरणाची एक चिकित्सा

प्रस्तावना

कोणत्याही शास्त्राचा आरंभ वर्गीकरणाने होतो, असे म्हटले जाते. वस्तूंचे गट पाडले, त्यांना नावे दिली, की अभ्यासाला शिस्त येते. परंतु वर्गाचे नाव एकदा रूढ झाले, की तो वर्ग कोणत्या निकषावर पाडला होता हे विसरले जाते आणि नाव तेवढे शिल्लक राहते. विद्यार्थी ते पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि डोळ्यांनी दिसणाऱ्या वस्तूशी त्या नावाचा मेळ बसतो की नाही हे पाहण्याची त्याला गरज वाटत नाही. चांदी हे याचे बोलके उदाहरण आहे. शालेय पाठ्यपुस्तकात ती ‘राजधातू’ आहे, उच्च माध्यमिक स्तरावर ‘संक्रमणी मूलद्रव्य’ आहे, आयुर्वेदाच्या अभ्यासक्रमात ‘शुद्धलोह’ आहे, बाजारात ‘मौल्यवान धातू’ आहे आणि इतिहासाच्या पुस्तकात ‘नाणकधातू’ आहे. ही पाच नावे पाच वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ते प्रश्न मात्र बहुधा शिकवले जात नाहीत.

मुंबईतील शीव कोळीवाडा व त्याच्या भोवतालचा परिसर या दृष्टीने लक्षणीय आहे. आयुर्विद्या प्रसारक मंडळाचे आयुर्वेद महाविद्यालय, लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालय व त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय, कला-विज्ञान-वाणिज्य शाखांची महाविद्यालये आणि मुंबईच्या मूळ रहिवाशांपैकी असलेल्या कोळी समाजाची जुनी वस्ती या सर्व गोष्टी शीव भागात एकमेकींपासून फार दूर नाहीत. एकाच परिसरात चांदीला चार-पाच वेगळी वर्गनामे दिली जातात आणि ती देणारे लोक एकमेकांच्या वर्गांची दखल घेत नाहीत. प्रस्तुत लेखात या वर्गांची चिकित्सा केली असून, प्रत्येक वर्गामागील निकष कोणता, तो चांदीच्या कोणत्या गुणावर प्रकाश टाकतो आणि कोणता गुण झाकतो, याचा विचार केला आहे.

नावांतील वर्ग

वर्गीकरणाची पहिली पायरी भाषेत असते. मराठीत या धातूला तीन प्रचलित नावे आहेत : चांदी, रुपे आणि रजत. ‘चांदी’ हे नाव चंद्राशी निगडित असून त्यात रंग व तेज यांचा निकष आहे. ‘रजत’ या संस्कृत शब्दातही शुभ्रतेचाच भाव आहे. ‘रुपे’ हे नाव मात्र वेगळ्या वाटेने आले आहे. ते ‘रूप्य’ या शब्दापासून बनले असून, पाणिनीने ‘रूप’ शब्दापासून ‘रूप्य’ सिद्ध करताना ‘आहत’, म्हणजे ठोकून ठसा उमटवलेले, हा अर्थ सांगितला आहे. म्हणजे ‘चांदी’ हे नाव वस्तूच्या वर्णावरून, तर ‘रुपे’ हे तिच्या उपयोगावरून आले. ‘रुपया’ हा शब्दही याच कुळातला. एकाच धातूच्या दोन नावांत दोन वर्गीकरणे दडलेली आहेत, ही गोष्ट भाषा व विज्ञान या दोन्ही विषयांच्या अध्यापकांना उपयुक्त ठरावी.

नावावरून वर्ग ठरवण्यातील धोकाही याच धातूच्या बाबतीत दिसतो. ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाने घरोघरी पोहोचलेल्या भांड्यांत चांदीचा अंशही नसतो. तांबे, निकेल व जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. केवळ पांढऱ्या चकाकीमुळे त्याला चांदीचे नाव मिळाले. वर्णाचा निकष एकटाच वापरला की अशी फसगत होते.

‘धातू’ आणि ‘लोह’ या शब्दांचा अर्थबदलही येथे ध्यानात घ्यावा लागतो. संस्कृत परंपरेत ‘धातू’ हा शब्द फार व्यापक आहे. शरीरातील रस-रक्तादी सप्तधातू, व्याकरणातील क्रियामूळ आणि खनिज द्रव्ये या सर्वांना तो लागू होतो. रसशास्त्रात ज्याला आज आपण धातू म्हणतो त्यासाठी ‘लोह’ हा शब्द वापरला जाई. मराठीत पुढे ‘धातू’ हा शब्द त्या अर्थाने स्थिरावला आणि ‘लोह’ केवळ लोखंडापुरता उरला. परिणामी, बारावी विज्ञान उत्तीर्ण होऊन आयुर्वेद महाविद्यालयात आलेला विद्यार्थी चांदीचा उल्लेख ‘शुद्धलोह’ या वर्गात वाचतो, तेव्हा त्याच्यासमोर प्रथम ‘शुद्ध लोखंड’ उभे राहते. परिभाषेचा हा अडसर दूर केल्याशिवाय पुढील विवेचन त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

रसशास्त्रातील वर्गीकरण

प्राचीन भारतीय ग्रंथांत चांदीचा विचार मुख्यतः दोन अंगांनी झाला आहे : राज्यकोशाच्या आणि रसविद्येच्या. कौटिलीय अर्थशास्त्रात सुवर्णकाराच्या अक्षशाळेचे विवेचन करताना चांदीचे प्रकार उत्पत्तिस्थानानुसार दिले आहेत. शुभ्र, स्निग्ध व मृदू चांदी श्रेष्ठ, तर याच्या उलट गुणांची व फुटणारी चांदी दूषित मानली आहे. अशा दूषित चांदीत चतुर्थांश शिसे घालून ती शुद्ध करावी, असे तेथे सांगितले आहे. ही कृती धातुविज्ञानाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. तापवलेल्या शिशाचे ऑक्साइड होते, ते हिणकस धातूंना आपल्यात ओढून घेते आणि चांदी मागे राहते. म्हणजे आगीत टिकून राहणे हा चांदीचा गुण त्या काळी केवळ ठाऊक नव्हता, तर व्यवहारात वापरला जात होता.

रसरत्नसमुच्चय या ग्रंथात लोहांचे तीन वर्ग केले आहेत. सुवर्ण, रजत, ताम्र व लोखंड हे शुद्धलोह. नाग म्हणजे शिसे व वंग म्हणजे कथील हे पूतिलोह. आणि पितळ, कांसे व वर्त हे मिश्रलोह. तर्कशास्त्राच्या दृष्टीने पाहता या विभागणीत एक दोष आहे. मिश्रलोह हा वर्ग घटकांच्या निकषावर पाडला आहे, तर ‘पूति’ हा शब्द दुर्गंधीवाचक असून तापवताना येणाऱ्या वासाचा निकष सूचित करतो. विभाजनतत्त्व एकच असावे हा नियम येथे पाळला गेलेला नाही. शिसे व कथील हेही मिश्र नाहीत. त्या अर्थी तेही ‘शुद्ध’च ठरले असते. तथापि हा दोष दाखवताना एक गोष्ट विसरता कामा नये. ‘शुद्ध’ आणि ‘पूति’ यांतील भेद हा प्रयोगशाळेतील, मुशीसमोर बसून केलेल्या निरीक्षणाचा भेद आहे. तो केवळ ग्रंथातील कल्पना नाही.

याच ग्रंथात रजताचे सहज, खनिज व कृत्रिम असे तीन प्रकार सांगितले आहेत. सहज रजताचा संबंध कैलासासारख्या पर्वतांशी, खनिजाचा हिमालयादी पर्वतांतील खाणींशी, तर कृत्रिमाचा रामाच्या पादुकांच्या स्पर्शाने वंगाचे रजत झाल्याच्या कथेशी जोडला आहे. हे वर्गीकरण उत्पत्तीवर आधारलेले असून हातातल्या तुकड्याची परीक्षा करून ते ताडता येत नाही. मात्र त्याच्याच जवळ ग्राह्य व अग्राह्य रजताची लक्षणे येतात : वजनाला जड, स्वच्छ, मऊ, तापवल्यावर व कापल्यावरही पांढरे राहणारे ते ग्राह्य. ही लक्षणे कोणालाही तपासता येतात. एकाच प्रकरणात पुराणकथेवर आधारलेला वर्ग आणि परीक्षेवर आधारलेला वर्ग शेजारी शेजारी नांदतात. अध्यापकाचे काम त्यांतील फरक दाखवणे हे आहे. दोन्ही सरसकट स्वीकारणे किंवा दोन्ही सरसकट टाकून देणे ही सोपी, पण अभ्यासाला घातक वाट आहे.

रसार्णव या ग्रंथातील विचार आणखी वेगळा आहे. तेथे सुवर्ण, रजत, ताम्र, तीक्ष्ण म्हणजे लोखंड, वंग व नाग असे सहा धातू क्रमाने देऊन, यांतील आधीचा नंतरच्यापेक्षा अधिक अक्षय, असे म्हटले आहे. येथे वर्ग नाहीत, क्रम आहे. प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथातून (१९०२ व १९०९) रसार्णवासारख्या ग्रंथांकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष वेधले. या क्रमाविषयी अलीकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. आजची अभिक्रियाशीलतेची श्रेणी आपल्या पूर्वजांना ठाऊक होती, असे एक टोक. आणि हा केवळ किमतीचा उतरता क्रम होय, असे दुसरे. दोन्ही मते तपासणीला उतरत नाहीत. सोने, चांदी, तांबे हा क्रम आजच्या श्रेणीशी जुळतो. लोखंडाचे स्थान मात्र जुळत नाही, कारण आजच्या श्रेणीत लोखंड हे कथील व शिसे या दोहोंपेक्षा अधिक अभिक्रियाशील आहे. दुसरीकडे, ‘अक्षय’ या शब्दाचा अर्थ ‘हवेत तापवले असता राख होऊन न झिजणारे’ असा घेतला, तर शिसे व कथील शेवटी येणे सुसंगत ठरते. मुशीत त्यांचीच राख सर्वांत लवकर होते. तेव्हा रसार्णवातील क्रम हा आगीत टिकण्याचा क्रम असावा. तो विद्युतरासायनिक श्रेणीचा पूर्वावतार मानण्याची गरज नाही आणि किमतीची यादी म्हणून नाकारण्याचेही कारण नाही.

आवर्त सारणीतील स्थान

आधुनिक रसायनशास्त्रात चांदीचे स्थान निश्चित आहे असे समजले जाते. अणुक्रमांक ४७, पाचवा आवर्त, अकरावा गट, डी-खंड. या निश्चितीपर्यंतचा प्रवास मात्र सरळ नव्हता. मेंडेलीव्हने १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या सारणीत तांबे, चांदी व सोने यांना दोन ठिकाणी जागा दिली होती. आठव्या गटात त्यांची नावे होतीच. शिवाय पहिल्या गटात, सोडियम-पोटॅशियमच्या रांगेत, ती कंसात लिहिली होती. चांदीची संयुजा सामान्यतः एक असते आणि सिल्व्हर क्लोराइडची घडण सोडियम क्लोराइडसारखी आहे, म्हणून ती पहिल्या गटाची. पण तिचे इतर गुण पॅलेडियमच्या शेजारचे, म्हणून ती आठव्या गटाची. मेंडेलीव्हने ही अडचण लपवली नाही. पुढे दीर्घकाळ चांदी ‘एक-ब’ उपगटात राहिली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने गटांना १ ते १८ असे क्रमांक देण्याची शिफारस केल्यावर ती अकराव्या गटात आली.

चांदी संक्रमणी मूलद्रव्य आहे काय, हा प्रश्न आजही बारावीच्या वर्गात विचारला जातो. तिच्या अणूत चौथ्या कवचातील डी-उपकवच दहा इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेले असते आणि पाचव्या कवचात एक इलेक्ट्रॉन असतो. तो एक इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेल्या आयनातही डी-उपकवच भरलेलेच राहते. मग अपूर्ण डी-उपकवच हा निकष तिला कसा लागू होतो? एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातील स्वाध्यायात हाच प्रश्न आहे. अपेक्षित उत्तर असे, की चांदी दोन धनप्रभाराचा आयनही बनवू शकते व त्यात डी-उपकवचात नऊच इलेक्ट्रॉन असतात. हे उत्तर बरोबर आहे. आंतरराष्ट्रीय संघाच्या व्याख्येत, अणूत अथवा त्यापासून होणाऱ्या धन आयनात डी-उपकवच अपूर्ण असणे पुरेसे मानले आहे. परंतु दोन धनप्रभाराच्या चांदीचे ठळक संयुग म्हणजे सिल्व्हर डायफ्ल्युओराइड. ते अतिशय तीव्र अभिकारक असून महाविद्यालयीन प्रयोगशाळेत विद्यार्थ्याच्या हाती येत नाही. तो जी संयुगे हाताळतो, सिल्व्हर नायट्रेट किंवा सिल्व्हर क्लोराइड, त्यांत चांदी एकप्रभारीच असते. म्हणजे ज्या गुणामुळे चांदी या वर्गात बसते तो गुण विद्यार्थी कधी पाहत नाही आणि जे गुण तो पाहतो ते या वर्गाचे प्रातिनिधिक नाहीत. वर्ग चुकीचा नाही. पण तो सीमेवरचा आहे, हे सांगितले पाहिजे.

‘शीव’ या शब्दाचा मराठीतील अर्थच सीमा, गावाची हद्द असा आहे. मुंबई बेट संपून साष्टी सुरू होई तो हा भाग. इंग्रजांनी येथील टेकडीवर सतराव्या शतकात किल्ला बांधला तो हद्दीच्या रक्षणासाठीच. हद्दीवरच्या गावाचे व्यवहार दोन्ही बाजूंशी चालतात. आवर्त सारणीतील चांदीचे स्थानही तसेच दोन्ही बाजूंशी नाते सांगणारे आहे.

‘राजधातू’ या संज्ञेची मर्यादा

राज्य मंडळाच्या इयत्ता आठवीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात सोने, चांदी, प्लॅटिनम आदींना ‘राजधातू’ म्हटले आहे. हवा, पाणी व उष्णता यांचा ज्यांच्यावर सहजासहजी परिणाम होत नाही, असे हे धातू. दहावीच्या स्तरावर धातूंच्या क्षरणाचा विचार येतो, तेव्हा हाच विद्यार्थी चांदीच्या वस्तू हवेत काळ्या पडतात व तो काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो, हे शिकतो. दोन विधानांमध्ये दोन वर्षांचे अंतर आहे, पण त्यांना जोडणारा पूल नाही. राजधातू असलेली चांदी काळी का पडते? सोन्याची अंगठी वर्षानुवर्षे तशीच राहते, मग तिच्याच वर्गातील पैंजण का काळवंडते?

शीव, धारावी, माहीम या परिसरातील घरांत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. मिठी नदी व माहीमची खाडी यांतील सांडपाणी आणि कुजणारा गाळ यांतून हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडतो. अंड्याच्या कुजक्या वासाचा हा वायू अत्यल्प प्रमाणातही चांदीवर परिणाम करतो. अशा हवेत देव्हाऱ्यातील चांदीचे निरांजन, बाळाची वाटी, जोडवी व पैंजण लवकर काळी पडतात आणि रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासून ती पुन्हा उजळवावी लागतात. ज्या मुलीने हे काम घरी केले आहे, तिच्या अनुभवाला वर्गात ‘राजधातू’ या एका शब्दाने गप्प केले जाते. तिने पाहिलेले खरे आहे, पुस्तकातील विधानही एका मर्यादेत खरे आहे. पण ती मर्यादा सांगितली जात नाही. विज्ञानशिक्षणात याहून मोठे नुकसान कोणते?

मर्यादा सांगणे अवघड नाही. चांदी ऑक्सिजनला दाद देत नाही; तिचे ऑक्साइड तापवले तर विघटित होऊन पुन्हा चांदी मिळते. म्हणूनच शिशाबरोबर मुशीत घातलेली चांदी आगीतून सुखरूप बाहेर येते. परंतु तिला नायट्रिक आम्लात, सोनाराच्या भाषेत तेजाबात, टाकले तर ती विरघळते आणि सोने मागे उरते. सोने-चांदी वेगळे करण्याची ही पद्धत झवेरी बाजारातील कारागिरांना चांगली परिचित आहे. प्रमाण विद्युतविभवाच्या आकड्यांतही हा फरक दिसतो : तांबे सुमारे ०.३४ व्होल्ट, चांदी ०.८० व्होल्ट, सोने १.५० व्होल्ट. चांदी तांब्यापेक्षा राजस आहे, सोन्यापेक्षा नाही. म्हणजे ‘राजधातू’ ही कप्प्यात बसवण्याची संज्ञा नसून ती एका क्रमातील वरच्या टोकाची खूण आहे. रसार्णवाने कप्पा न करता क्रम दिला, ही गोष्ट या संदर्भात महत्त्वाची ठरते.

व्यवहारातील वर्ग

नाणकधातू हा वर्ग तर पूर्णपणे कायद्यावर व रूढीवर उभा आहे. १८३५ च्या नाणेविषयक कायद्याने कंपनी सरकारचा रुपया १८० ग्रेन वजनाचा व बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा ठरला. १८९३ साली टांकसाळीत खाजगी चांदी आणून तिचे रुपये पाडून घेण्याची मुभा बंद करण्यात आली. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. या शतकाभराच्या काळात चांदीच्या अणूत काहीच बदलले नाही. बदलला तो राज्याचा निर्णय. ‘नाणकधातू’ हे रासायनिक वर्गनाम म्हणून आजही अकराव्या गटाला वापरले जाते, तेव्हा ते एका संपलेल्या व्यवहाराची आठवण आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

सोनाराचे वर्गीकरण याहून काटेकोर आहे. त्याला चांदी ‘कोणती’ हे नको असते, ‘किती’ हे हवे असते. टंच म्हणजे हजार भागांत शुद्ध चांदीचे किती भाग. ९२५ म्हणजे ७५ भाग बहुधा तांबे. येथे नावाऐवजी मोजमाप आहे आणि म्हणून वादाला जागा कमी आहे.

घरगुती व सामाजिक वर्गीकरणात चांदीला सोन्यानंतरचे स्थान मिळते. सोने लक्ष्मीस्वरूप मानून ते कमरेखाली घालू नये, ही रूढी महाराष्ट्रात सर्वदूर आहे. त्यामुळे जोडवी, पैंजण व तोरड्या चांदीच्या असतात. सोन कोळी समाजाच्या इंग्रजी अमदानीतील वर्णनांत आणखी एक विशेष नोंद आढळते. या समाजातील स्त्रिया काचेच्या बांगड्या एकाच हातात घालीत. दुसऱ्या हातातील बांगड्या विवाहप्रसंगी पतीच्या रक्षणासाठी समुद्राला अर्पण केल्या जात व त्या हातात चांदीची वळी घातली जात. या रूढीत चांदीचा वर्ग सोन्याच्या तुलनेत ठरलेला नाही, काचेच्या तुलनेत ठरलेला आहे. काच फुटते, चांदी फुटत नाही. समुद्रावर गेलेल्या माणसाच्या परतण्याची वाट पाहणाऱ्या समाजाने टिकाऊपणाचा निकष निवडावा, यात नवल नाही. रसार्णवातील ‘अक्षय’ आणि कोळीवाड्यातील हे वळे यांचा ऐतिहासिक संबंध जोडण्याचे कारण नाही. दोन्ही ठिकाणी निकष मात्र टिकण्याचाच आहे, एवढे म्हणता येते.

गंधकस्नेही चांदी

वरील सर्व वर्गांतून चांदीचा एक मूलभूत गुण निसटतो. तो म्हणजे गंधकाशी असलेले तिचे सख्य. भूरसायनशास्त्रज्ञ गोल्डश्मिट याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मूलद्रव्यांची विभागणी निसर्गात ती कोणाच्या संगतीने आढळतात यावरून केली. त्यात सोने लोहस्नेही, तर चांदी ही तांबे, जस्त व शिसे यांच्यासमवेत गंधकस्नेही ठरते. चांदीचे अर्जेंटाइट हे प्रमुख खनिज म्हणजे सिल्व्हर सल्फाइडच आहे. भारतात चांदी मुख्यतः राजस्थानातील जस्त-शिशाच्या सल्फाइड धातुकांपासून उपपदार्थ म्हणून मिळते. १९६३ साली पिअर्सनने मांडलेल्या कठीण व मृदू आम्ल-आम्लारींच्या तत्त्वानुसारही एकप्रभारी चांदीचा आयन मृदू आम्ल व सल्फाइड मृदू आम्लारी असून त्यांचे जोडपे स्थिर असते.

हा वर्ग पुढे ठेवला, की विखुरलेल्या गोष्टी एका सूत्रात येतात. खाडीकाठच्या घरातील पैंजण काळे पडते, कारण चांदी गंधकस्नेही आहे. रसशास्त्रात रजताचे शोधन तेल, ताक, गोमूत्र, कांजी व कुळथाचा काढा यांत तापवून विझवून केले जाते आणि मारणासाठी पारद व गंधक वापरले जातात. कारण आगीला न जुमानणारी चांदी गंधकापुढे नमते. रौप्यभस्माच्या आधुनिक परीक्षणांत सिल्व्हर सल्फाइड आढळते ते याचमुळे. विशेष म्हणजे भस्माच्या निरुत्थ परीक्षेत चांदीचाच तुकडा मोजमाप म्हणून वापरतात. भस्म व चांदी एकत्र तापवल्यावर चांदीचे वजन वाढले नाही, तर भस्मात मोकळा धातू उरलेला नाही असे मानले जाते. आगीत स्थिर आणि गंधकापुढे अस्थिर, या चांदीच्या दोन्ही बाजू त्या परंपरेला कृतीतून ठाऊक होत्या. रुग्णालयात भाजलेल्या जखमांवर वापरले जाणारे सिल्व्हर सल्फाडायझिन हे मलम १९६८ पासून ज्ञात आहे. त्यातील चांदीचा आयन जिवाणूंच्या प्रथिनांतील गंधकयुक्त गटांशी बांधला जातो, हे त्याच्या परिणामाचे एक कारण मानले जाते. म्हणजे आयुर्वेद महाविद्यालय, रुग्णालय आणि कोळीवाड्यातील घर या तिन्ही ठिकाणी चांदी आपला एकच गुण दाखवीत असते. नेमका तोच गुण ‘राजधातू’ या नावाने झाकला जातो.

येथे एक आक्षेप संभवतो. शालेय स्तरावर सोपे नाव हवे. अपवादांची गर्दी केली तर विद्यार्थी गोंधळतील. हा आक्षेप वजनदार आहे. आठवीच्या विद्यार्थ्याला मृदू आम्लारी शिकवावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु ‘चांदी हवेतील ऑक्सिजनने गंजत नाही, मात्र गंधकयुक्त वायूने काळी पडते’ हे एक वाक्य त्याला कळण्यासारखे आहे. सोपेपणा आणि अपुरेपणा यांत फरक आहे. पहिला अध्यापनाची गरज असतो, दुसरा पुढे जाऊन अडथळा बनतो.

समारोप

या चिकित्सेतून पुढील निष्कर्ष निघतात.

पहिला, चांदीचा ‘खरा’ वर्ग कोणता हा प्रश्न निकष सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही. इलेक्ट्रॉनांच्या मांडणीचा प्रश्न विचारला तर ती सीमेवरचे संक्रमणी मूलद्रव्य आहे, आगीचा विचारला तर शुद्धलोह, ऑक्सिजनचा विचारला तर राजधातू, गंधकाचा विचारला तर गंधकस्नेही. ‘चांदीचे वर्गीकरण करा’ असा प्रश्न परीक्षेत आला, तर तो अपुरा प्रश्न आहे.

दुसरा, प्राचीन ग्रंथांतील वर्गीकरणाला गौरव किंवा उपहास या दोन्हींऐवजी तीच तार्किक कसोटी लावली पाहिजे, जी आधुनिक पाठ्यपुस्तकांना लावायची. रसरत्नसमुच्चयातील शुद्ध-पूति-मिश्र विभागणीत निकषांची सरमिसळ आहे. राजधातू, मौल्यवान धातू, नाणकधातू व संक्रमणी मूलद्रव्य ही नावे निकष न सांगता एकाच ओळीत लिहिणाऱ्या आजच्या पुस्तकांतही ती आहेच.

तिसरा, परिभाषा ठरवताना कप्प्यांइतकाच क्रमाचा विचार व्हावा. अनेक धातूंचे गुण अधिक-उण्याच्या भाषेत सांगणे अधिक सत्य असते.

वर्गनामाचे परिणाम पुस्तकापुरते मर्यादित राहत नाहीत, हे शीव परिसरातील रहिवाशांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या चर्चेत कोळीवाडे व गावठाणे यांच्या सीमांकनाचा प्रश्न वारंवार उपस्थित झाला. एखादी वस्ती नकाशावर कोळीवाडा म्हणून नोंदली जाते की झोपडपट्टी म्हणून, यावर तेथील घरांचे भवितव्य अवलंबून असते. तेथेही वाद नावाचा दिसतो, पण खरा प्रश्न निकषाचा असतो : वस्तीचे वय, जमिनीची मालकी, व्यवसाय की बांधकामाचे स्वरूप? वर्ग कोणत्या निकषावर पाडला हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला विज्ञानाच्या तासाला लागली, तर ती नागरिक म्हणूनही त्याच्या उपयोगी पडेल. काळवंडलेले पैंजण हे त्या सवयीचा आरंभ करण्यासाठी पुरेसे आणि घरोघरी उपलब्ध असलेले साधन आहे.